सोरायसिस, सांधेदुखी आणि क्रिएटिनिन 1.0 वरून 1.4 : मदत हवी आहे

रानवारा
मोठ्या भावाचे आकडे देते आहे, जाणकारांनी कृपया बघावेत. वय 48. सोरायसिस बारा वर्षं, त्यातूनच आलेला सांध्यांचा आजार चार वर्षं. चालू औषधं: मेथोट्रेक्सेट 15 मिग्रॅ दर रविवारी, फॉलिक ॲसिड 5 मिग्रॅ मंगळवारी, दुखण्यासाठी एटोरिकॉक्सिब 90 चार महिने रोज, बीपीसाठी टेल्मिसार्टन-एच, अंगाला कॅल्सिपोट्रिऑल मलम. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चार महिन्यांपूर्वी 1.0 होतं, आता 1.4. लॅबची वरची मर्यादा 1.3, म्हणून घरी सगळे म्हणतात जरासंच वाढलंय. डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली आहे. हे सोरायसिसमुळे की गोळ्यांमुळे? तोवर थांबलं तर चालेल?

कडूकारलं
थांबू नका. या वयाच्या पुरुषात 1.0 ला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) साधारण 93 येतो, 1.4 ला 62. गाळण्याची ताकद चार महिन्यांत एक तृतीयांश गेली. क्रिएटिनिन लॅबच्या मर्यादेशी नाही, त्याच माणसाच्या जुन्या आकड्याशी ताडून बघायचं असतं.

सोरायसिसचाही हात असतो. ब्रिटनमधल्या 2013 च्या एका मोठ्या अभ्यासात तीव्र सोरायसिसवाल्यांत दीर्घकालीन किडनीविकाराचा धोका जवळपास दुप्पट आढळला होता, सौम्यवाल्यांत नाही. पण तो प्रकार वर्षानुवर्षांचा. चार महिन्यांत एवढी घसरण झाली की आधी गोळ्यांची पाकिटं बघायची.

तुमच्या यादीत तीन गोष्टी एकत्र आल्यात. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनामुळे रुंद राहते, एटोरिकॉक्सिब तेच बनू देत नाही. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल करतं. आणि बीपीच्या गोळीच्या नावातलं ते 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं. येणारा नळ आवळलेला, जाणारा मोकळा, वर टाकीत पाणी कमी. गाळणीत दाब राहणार कुठून? त्यात जुलाब-उलट्या लागल्या की दोन दिवसांत क्रिएटिनिन उसळी मारतं. दोन औषधं एकाच गोळीत असल्यामुळे ही तिकडी लक्षातच येत नाही.

एटोरिकॉक्सिब आजच थांबवा. बदली म्हणून डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. 'पोटाला सेफ' म्हणून दिलेली गोळी किडनीला सेफ असतेच असं नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही लिव्हरचे रिपोर्ट ठीक असतील तर आणि डॉक्टरांना विचारून, कारण मेथोट्रेक्सेट चालू आहे. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तिसरापाट
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मला जास्त काळजी रविवारची वाटते. मेथोट्रेक्सेट मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की तोच 15 चा डोस अंगात जास्त वेळ रेंगाळतो आणि रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला दाबतो. ईजीएफआर 60 च्या खाली गेला की डोस कमी करतात, 30 च्या खाली औषधच बंद. 62 म्हणजे उंबरठा, आणि आकडा अजून घसरतोय की स्थिरावलाय ते कुणालाच माहीत नाही. म्हणून पुढच्या भेटीची वाट न बघता रविवारच्या आत डॉक्टरांना फोन करा, नवं-जुनं क्रिएटिनिन दोन्ही सांगा. तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग, कोरडा खोकला किंवा धाप यांतलं काहीही असेल तर डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिलं, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. ही जोडी रक्तपेशी पार खाली आणते.

रानवारा
दोघांचे आभार. आज फोन करते. मलमाचा काही संबंध? आणि गावाकडून सांध्यांसाठी एक पुडी येते, तीही अधूनमधून घेतो.

कडूकारलं
मलम आठवड्याला 100 ग्रॅमच्या आत असेल तर नाही. त्याहून जास्त लावलं, वर कॅल्शियम-डी3 च्या गोळ्या असल्या, तर रक्तातलं कॅल्शियम चढून किडनीला त्रास होतो. रक्त देतानाच कॅल्शियम बघून घ्या.

पुडी बंद. नाव नाही, घटक नाहीत, तर आत स्टेरॉइड आहे, वेदनाशामक आहे की पारा आहे कळायला मार्ग नाही. पाऱ्यामुळे लघवीतून प्रथिनं जायला लागतात, लघवीला फेस येतो, पायांवर सूज येते. डॉक्टरांना पुडी दाखवा, लपवू नका. बरेच दिवस रोज घेतली असेल तर तेही सांगा. आत स्टेरॉइड निघालं तर ते टप्प्याटप्प्याने उतरवावं लागतं.

तिसरापाट
सोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागा (अल्ब्युमिन म्हणजे एक प्रथिन), लॅबवाले एसीआर म्हणतात. नुसत्या युरीन रुटीनच्या पट्टीवर थोडं अल्ब्युमिन दिसत नाही. 30 च्या खाली ठीक, 30 ते 300 म्हणजे गळती सुरू. सकाळची पहिली लघवी द्यायची, ताप किंवा लघवीत जळजळ असताना नाही. आदल्या रात्री मटण नको आणि आदल्या दिवशी जिम नको, नाहीतर 1.4 चा 1.5 दिसेल आणि उगाच घाबराल. एटोरिकॉक्सिब थांबवल्यावर साधारण आठवड्याने क्रिएटिनिन पुन्हा करा आणि आकडा इथे टाका.