लसीतले नॅनोकण: सोसायटीच्या ग्रुपवरच्या पोस्टला उत्तर

सूक्ष्मजीवबाई (कॉलेज रोड)
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं: ‘नव्या लसींत नॅनोकण असतात, ते धातूचे असतात, रक्तात कायमचे राहतात. मुलींना एचपीव्हीची लस देऊ नका.’ म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची लस. खाली अंगठ्यांची रांग. मला राहवलं नाही.

नॅनो हे माप आहे, पदार्थ नाही. करोनाचा विषाणूच साधारण १०० नॅनोमीटरचा. हिपॅटायटिस बीच्या लसीतला कण २२ नॅनोमीटरचा, आणि ती लस बाळाला जन्मल्यावर २४ तासांत टोचतात. एचपीव्हीच्या लसीत विषाणूचं रिकामं टरफल असतं, आत जनुकं नाहीत. सुट्या प्रथिनाकडे शरीर फारसं लक्ष देत नाही. तेच कणावर दाटीनं बसवलं की प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना ते विषाणूसारखं भासतं आणि त्या जोरात कामाला लागतात. शिवाय असे बारीक कण थेट काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत वाहत जातात. मोठे कण पेशींना उचलून न्यावे लागतात. आपल्या पुण्यात बनणाऱ्या मलेरियाच्या आर२१ लसीतलं मॅट्रिक्स-एम, म्हणजे लसीचा प्रतिसाद वाढवणारं मिश्रण घ्या. चिलीतल्या एका झाडाच्या सालीतलं सॅपोनिन, म्हणजे रिठ्याला फेस आणणाऱ्या जातीचं द्रव्य, आणि सोबत कोलेस्टेरॉल वगैरे मेद. यात धातू कुठे आहे?

दिंडोरीकर शेतकरी
बाई, नॅनो म्हटलं की माझं डोकं तापतं. युरियाची गोणी मागितली तर दुकानदार म्हणतो, सोबत नॅनो युरियाची बाटली घ्या, नाहीतर गोणी नाही. अर्ध्या लिटरची बाटली म्हणे ४५ किलोच्या गोणीचं काम करते. पहिल्या बाटलीवर नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत ४६ टक्क्यांनी २० किलोच्या वर. हजारपट फरक! माझा मका पिवळा पडला तो पडलाच. आता तेच नाव लसीवर, आणि आम्ही दंड पुढे करायचा?

निफाडचा मका
भाऊ, मी दोनदा फवारला. मका काळाभोर, कणसं भरलेली. फवारायची वेळ चुकली असेल तुमची.

दिंडोरीकर शेतकरी
जमिनीतून किती दिला होता ते आधी सांगा.

निफाडचा मका
एक गोणी दिली होती पेरणीनंतर. आणि शेणखत.

दिंडोरीकर शेतकरी
मग बाटलीचं कौतुक कसलं? एक सरी बिनफवारणीची ठेवली होती का? नाही ना? मग कशानं आला मका, कसं कळणार?

सूक्ष्मजीवबाई (कॉलेज रोड)
विषय लसीचा आहे! कुठलाही विषय काढा, तुमचा युरिया मध्ये येतोच. या अडाणीपणामुळेच मुली लसीवाचून राहतात.

सिडकोची आई
अडाणी कुणाला म्हणता? मी बीकॉम आहे. माझ्या मुलीला एका खासगी दवाखान्यात हीच लस दिली. रात्री ताप, दंड सुजला. फोन केला तर म्हणे, ‘होतं असं.’ आधी का नाही सांगितलं? कार्डावर बॅच नंबरसुद्धा लिहिला नव्हता. दुसरा डोस मी अजून दिलेला नाही. तुमच्यासारखे शिकलेले लोक नुसते ओरडतात, समजावत कुणी नाही.

निवृत्त आरोग्यसेविका
बाई, ‘धातू कुठे आहे’ हे तुमचंही अर्धंच. एचपीव्हीच्या लसीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. त्रिगुणीत होता, बाळांना देतात त्या पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंटमध्ये आहे. प्रतिसाद वाढवायला तो १९२६ पासून माहीत आहे. त्यानंच मांडीला गाठ येते. किती आयांची समजूत घातली असेल मी! असा क्षार असलेली लस गोठली तर वाया. शंका आली की आम्ही कुपी हलवून ठेवायचो, गाळ भराभर खाली बसला की फेकायची. लपवण्यासारखं त्यात काहीच नाही, मग लपवता कशाला? आणि सिडकोच्या ताई, ताप नि सूज एक-दोन दिवसांत उतरते. दुसरा डोस द्या, पण कार्डावर बॅच नंबर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

सूक्ष्मजीवबाई (कॉलेज रोड)
ॲल्युमिनियमचं मान्य. मी मॅट्रिक्स-एमबद्दल लिहीत होते, पण पोस्ट एचपीव्हीची होती, माझी चूक. अडाणी हा शब्दही मागे घेते. ताईंचा बॅच नंबरचा आग्रह रास्तच आहे. मेदाच्या नॅनोकणांतून दिलेल्या करोनाच्या एमआरएनए लसींनंतर तरुण मुलांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आली, ते लसीकरणानंतरच्या नोंदींमुळेच कळलं.

आणि दिंडोरीकर, तुमची बिनफवारणीची सरी लसीच्या चाचणीत असते. आर२१च्या वेळी आफ्रिकेत दुसऱ्या गटातल्या मुलांना रेबीजची लस दिली होती, कुणाला कोणती ते न सांगता. हंगामी मलेरियाच्या भागात वर्षभरात मलेरिया ७५ टक्क्यांनी कमी झाला. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली.

दिंडोरीकर शेतकरी
अशी सरी ठेवली असेल तर लसीबद्दल माझं भांडण नाही. नातीचं सूनबाई बघेल, मी आडवा येणार नाही. पण बाटलीचा हिशोब मी सोडणार नाही, आणि निफाडच्या भाऊंनी पुढच्या खरिपात सरी ठेवून दाखवावी.

निफाडचा मका
ठेवतो. दोन सऱ्या ठेवतो. काढणीला या बघायला.

सिडकोची आई
दवाखान्यात उद्या जाते. आधी बॅच नंबर मागणार.

पिंपळगावचा वाचक
बाटलीशिवाय नुसती युरियाची गोणी आमच्याकडे कुठे मिळते, कुणी सांगेल का?