मदत हवी आहे: टीममध्ये टेस्टर मी एकटाच अन् सगळं टेस्टिंग स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी, काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी छत्रपती संभाजीनगरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, टीममध्ये सहा डेव्हलपर आणि टेस्टर मी एकटा. आम्ही मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी हिशेबाचं ॲप बनवतो, म्हणजे शेतकऱ्याचा माल आला, काटा झाला, भाव लागला, हमाली तोलाई कापली आणि पट्टी हातात दिली, एवढं सगळं मोबाईलवर. लातूर, जालना, परभणीकडची दुकानं वापरतात. काम मनापासून आवडतं, टीमही चांगली आहे, पण एक गोष्ट काही केल्या सुटेना म्हणून इथं विचारायलोय.

आमचा स्प्रिंट, म्हणजे कामाची एक ठरलेली फेरी, दोन आठवड्यांचा. रोज सकाळची उभ्या उभ्या मीटिंग, बोर्डावर कार्डं, महिन्यातून दोनदा डेमो, सगळं आहे. पण सगळी कार्डं पहिल्या दिवशी एकदमच 'चालू'मध्ये शिरतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी संध्याकाळी एकदमच माझ्याकडं येतात, शुक्रवारी दुपारी डेमो. मग रात्री जेवढं होईल तेवढं बघायचं, जे सापडलं त्यातलं अर्धं 'पुढच्या स्प्रिंटला बघू' म्हणून ढकलायचं, आणि पुढच्या स्प्रिंटला तेच परत.

मागं एक प्रकार झाला तो सविस्तर सांगतो, कारण माझा खरा प्रश्न त्यातच आहे. पट्टीच्या स्क्रीनवर वजनाचा रकाना होता, टिकिटात, म्हणजे कामाच्या नोंदीत, लिहिलेलं 'वजन क्विंटलमध्ये घ्यावे, दशांश चालावा'. डेव्हलपरनं तसंच केलं. मी साडेचौदा टाकून बघितलं, दोन दशांश टाकून बघितले, शून्य, उणे, अक्षरं, सगळं पास. दुकानात गेल्यावर काय झालं, काट्यावरच्या माणसानं ओरडून सांगितलं 'चौदा क्विंटल पाच किलो' आणि मुनीमजींनी टाकलं १४.५. ॲपनं धरले साडेचौदा क्विंटल. पाच किलोच्या जागी पन्नास, म्हणजे ४५ किलोचा फरक, ४३२५ च्या भावानं १९४६ रुपये २५ पैसे. पट्टी रद्द करून हातानं लिहावी लागली. शेतकरी समोर उभा, मागं गाड्यांची रांग. कोड टिकिटाप्रमाणं बरोबर, माझी टेस्ट टिकिटाप्रमाणं बरोबर, अन् पट्टी चुकीची. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी मला आणखी चार तास मिळाले असते तरी हे सापडलं नसतं, कारण मुनीमजी वजन कसं ऐकतात अन् कसं टाकतात हे आमच्यात कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी कॉन्फरन्समधल्या भाषणांचे व्हिडिओ बघायलोय. जर्मनीतलं अजाइल टेस्टिंग डेज, जे २००९ पासून चालू आहे, मग युरोस्टार, आपल्याकडं बंगळूरचं अजाइल इंडिया. (अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या तुकड्यांत करून ग्राहकाला दाखवत जायची पद्धत.) 'अजाइल टेस्टिंग' हे पुस्तक लिहिणाऱ्या जॅनेट ग्रेगरी आणि लिसा क्रिस्पिन सांगतात की क्वालिटी ही एकट्या टेस्टरची नाही, अख्ख्या टीमची जबाबदारी, आणि टेस्टिंग ही शेवटी येणारी पायरी नाही, सुरुवातीपासून चालणारं काम आहे. पटतं, शंभर टक्के पटतं. पण तिथं बोलणाऱ्यांच्या कंपन्या मोठ्या, टीममध्ये चार चार टेस्टर, कोड टाकला की आपोआप टेस्ट चालतात. आमच्याकडं यातलं काही नाही आणि पैसा पण जेमतेम.

तर विचारायचंय ते असं. टीमच्या लीडला कसं पटवावं की कोड लिहायच्या आधीच मला बसवून घ्या? एकटा माणूस असताना ऑटोमेशन, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणं, कुठून सुरू करावं, स्क्रीनपासून का आतल्या हिशेबापासून? आणि तिसरं, ही भाषणं टीमला दाखवली की सगळे 'छान आहे' म्हणतात अन् सोमवारपासून तेच चालू, तर कॉन्फरन्समधलं ज्ञान आपल्या टीममध्ये उतरवायचं कसं? आपल्या भागात कोणी केलंय का? पुण्याला दर वेळी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जाऊन मीटअपला बसणं जमत नाही, म्हणून विचारायलोय.

प्रतिसाद: हिशेबी (मूळ जालना, सध्या पुणे)

भाऊ, लीडला 'टेस्टिंगला वेळ द्या' असं म्हणूच नका, त्याला वाटतं तुम्ही स्वतःसाठी वेळ मागायलात. त्याच्यासमोर स्क्रम गाईड, म्हणजे स्प्रिंटनं काम करायच्या पद्धतीची नियमावली, ठेवा, २०२० चं. त्यात टेस्टर नावाचं वेगळं पदच नाही, जे माल तयार करतात ते सगळे डेव्हलपर, म्हणजे तुम्ही पण त्यातच आलात. आणि दुसरं जास्त कामाचं, त्यात स्पष्ट लिहिलंय की जे काम 'डन'च्या, म्हणजे 'पूर्ण झालं'च्या, व्याख्येत बसत नाही ते रिलीज तर करायचं नाहीच, पण स्प्रिंट रिव्ह्यूत, म्हणजे तुमच्या डेमोत, दाखवायचं सुद्धा नाही, ते बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, परत जातं. आता तुमच्या टीमची व्याख्या काय आहे ते विचारा. बहुतेक 'कोड मर्ज झाला', म्हणजे मुख्य कोडात मिसळला, एवढीच असेल. त्यात 'टेस्ट झालं, सापडलेलं दुरुस्त झालं' हे दोन शब्द घालून घ्या. पहिल्या शुक्रवारी डेमोला दोनच गोष्टी उरतील, मालक विचारतील बाकीचं कुठंय, आणि ती चर्चा व्हायलाच पाहिजे.

दुसरं म्हणजे गुरुवारची गर्दी ही टेस्टिंगची अडचण नाही, सहा जणांनी सहा कार्डं एकदम उघडली त्याची अडचण आहे. एका वेळी तीनच कार्डं चालू ठेवा, दोघं मिळून एक. पहिलं कार्ड तिसऱ्या चौथ्या दिवशीच तुमच्या हातात येईल. आमच्याकडं सुरुवातीला लोक कुरकुरले की दोघांना एका कार्डावर बसवून वेळ वाया चाललाय, पण कार्डं लहान करायची सवय लागली आणि मग कुरकुर थांबली.

प्रतिसाद: गोदाकाठ (नांदेड)

तुमचं १४.५ वाचून मी ताठ बसले. हे टेस्टिंगनं सापडत नसतं, हे बोलण्यानं सापडतं, आणि तुम्हाला ते कळलंय म्हणजे अर्धं काम झालं.

माझ्या वडिलांची शेती आहे, घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर पेरणीच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवतात, सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं नाहीतर नाही. पेरून झाल्यावर बियाणं तपासून काय करायचं? तुमच्याकडं टिकिट पेरल्यावर तपासणी चाललीय.

आम्ही काय करतो ते सांगते. मॅट विन यांची एक पद्धत आहे, एक्झाम्पल मॅपिंग. चार रंगांची कार्डं, पिवळ्यावर स्टोरी, म्हणजे ग्राहकाला हवं असलेलं एक काम, निळ्यावर नियम, हिरव्यावर त्या नियमाचं खरंखुरं उदाहरण आणि लालवर ज्याचं उत्तर खोलीतल्या कोणालाच माहीत नाही असा प्रश्न. बसायचं तिघांनी, एक डेव्हलपर, एक टेस्टर आणि एक ज्याला धंदा कळतो तो, जॉर्ज डिनविडी यांनी याला थ्री अमिगोज म्हणलंय, तीन दोस्त. पंचवीस मिनिटं, त्याच्यावर नाही. पंचवीस मिनिटांत संपली नाही तर स्टोरी मोठी आहे, तोडा. लाल कार्डं जास्त झाली तर ती स्टोरी या स्प्रिंटला घेऊच नका, आधी उत्तरं आणा.

आता तुमच्याकडं धंदा कळणारा माणूस म्हणजे मुनीमजी. त्यांना ऑफिसात बोलवू नका, दुपारी लिलाव आटोपल्यावर फोन लावा, स्पीकरवर ठेवा, आणि त्यांना प्रश्न विचारू नका, नुसतं म्हणा 'मुनीमजी, सकाळच्या तीन पट्ट्या वाचून दाखवा'. ते जसं वाचतील तसंच्या तसं हिरव्या कार्डावर लिहा. 'चौदा क्विंटल पाच किलो' हे शब्द तुमच्या डेव्हलपरच्या कानावर कोड लिहायच्या आधी पडले असते तर त्यानं एक रकाना केलाच नसता, क्विंटलचा वेगळा अन् किलोचा वेगळा केला असता. लीडला भाषणाचा व्हिडिओ दाखवू नका. एकच स्टोरी घ्या, एकदाच पंचवीस मिनिटं मागा.

प्रतिसाद: अंबाजोगाईकर

एवढ्या छोट्या टीमला एवढं कशाला लागतं, डेव्हलपरनं आपलं आपण नीट बघितलं तर टेस्टरची गरजच काय. २००१ च्या अजाइल जाहीरनाम्यात सतरा जणांनी चालतं सॉफ्टवेअर महत्त्वाचं म्हणलं, मीटिंगा नाही.

धागाकर्ता

अंबाजोगाईकर दादा, डेव्हलपरनं स्वतः बघावं हे मान्यच आहे आणि आमचे बघतात पण. पण त्याच जाहीरनाम्यात ग्राहकासोबत मिळून काम करणं हे कराराच्या घासाघाशीपेक्षा वर ठेवलंय, अन् आमचं नेमकं तिथंच अडलं. १४.५ डेव्हलपरनं दहा वेळा बघितलं असतं तरी बरोबरच दिसलं असतं.

ताई, तुमची फोनची कल्पना लई आवडली. लीडशी आज बोललो, पुढच्या स्प्रिंटला उचलीची स्टोरी आहे, म्हणजे शेतकऱ्यानं हंगामाआधी दुकानातून घेतलेले पैसे पट्टीतून कसे वळते करायचे. त्या एका स्टोरीसाठी पंचवीस मिनिटं मिळाली. हिशेबी भाऊ, 'डन'ची व्याख्या विचारली तर तिघांनी तीन वेगळ्या सांगितल्या, त्यामुळं ती आता भिंतीवर लिहून लावायचं ठरलंय. ऑटोमेशनचं कोणीतरी सांगा की.

प्रतिसाद: रात्रपाळी

स्क्रीनपासून सुरू करू नका, एकट्या माणसाचं त्यात कंबरडं मोडतं. माईक कोन यांचा टेस्ट पिरॅमिड तुम्ही बघितलाच असेल, खाली भरपूर छोट्या टेस्ट, मधे सर्व्हिसच्या (स्क्रीनशिवाय आतलं काम तपासणाऱ्या), वर स्क्रीनच्या अगदी थोड्या. तुमच्या केसमध्ये तर ते आयतंच बसतं कारण पट्टी म्हणजे शुद्ध आकडेमोड आहे, वजन, भाव, कपाती, उचल, निव्वळ रक्कम. त्याला बटण दाबायची गरजच नाही.

एक शीट करा. प्रत्येक ओळ म्हणजे एक पट्टी. क्विंटल १४, किलो ५, भाव ४३२५, एकूण ६०७६६.२५, पुढं हमाली, तोलाई, हातात किती. या ओळी तुम्ही मनानं बनवू नका, ताईंनी सांगितलेली हिरवी कार्डं म्हणजेच या ओळी, मुनीमजींच्या खऱ्या पट्ट्या, फक्त शेतकऱ्याचं नाव गाव काढून टाका. बॅकएंड, म्हणजे ॲपचा आतला भाग, पायथॉन भाषेत असेल तर पायटेस्ट या टेस्टच्या साधनात तीच शीट वाचून प्रत्येक ओळीची एक टेस्ट होते, दुसऱ्या भाषेतही अशी सोय असतेच. कोड टाकला की चालली पाहिजे, त्यासाठी महागडं काही लागत नाही. पैशाचं गणित फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवलंय का तेवढं पहिल्यांदा बघा, ठेवलं असेल तर पैसे इकडं तिकडं सरकतात, डेसिमल, म्हणजे दशांश नेमका साठवणारा प्रकार, वापरा नाहीतर रुपयांऐवजी पूर्ण पैशांत साठवा. अन् पट्टीवर रुपया पूर्ण करतात का, करतात तर कुठल्या पायरीला, कपातीच्या आधी का नंतर, हे लाल कार्ड म्हणून आत्ताच लिहून ठेवा.

स्क्रीनच्या टेस्ट चार-पाचच, ॲपियम या मोबाईल टेस्टिंगच्या साधनावर, पट्टी बनते, छापते, रद्द होते एवढंच. त्यानं जो वेळ वाचतो तो हातानं शोधण्यात घाला. जेम्स आणि जॉनथन बाख या भावांनी २००० साली सेशनची पद्धत मांडली, एक उद्देश लिहायचा, साधारण दीड तास मध्ये कोणी उठवायचं नाही, आणि काय बघितलं ते टिपून टीमला सांगायचं. तुमच्यासाठी उद्देश मी देतो: नेट गेलेलं असताना दोन मोबाईलवरून एकाच शेतकऱ्याची पट्टी करा, मग नेट चालू करा. पट्टी नंबर काय येतो बघा. मोंढ्यात भर दुपारी, हंगामात, हे रोज होणार.

प्रतिसाद: गोदाकाठ (नांदेड)

तिसऱ्या प्रश्नाचं राहिलंच. कॉन्फरन्समधलं उतरवायचं तर एका भाषणातून एकच गोष्ट उचलायची, एका स्प्रिंटला करून बघायची, आणि ठेवायची का सोडायची ते रेट्रोत, म्हणजे स्प्रिंट संपल्यावरच्या आढावा बैठकीत, टीमनं ठरवायचं. चार गोष्टी एकदम आणल्या की चारही बारगळतात.

आणि तुम्ही फक्त बघणारेच का राहता? कॉन्फरन्सवाले अनुभवाच्या गोष्टी मागतात, 'आम्ही असं केलं, असं झालं'. तुमची पट्टीची गोष्ट लिहून पाठवा. मुनीम, काटा, पाच किलो, असं उदाहरण बंगळूरच्या माणसाकडं नाही. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी इथं मराठीत मांडा, मी वाचते अन् सुचवते.

जवळच्या जवळ जमायचं तर लीन कॉफी करता येते, सिॲटलला २००९ मध्ये सुरू झाली. वक्ता लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. प्रत्येकानं आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, मतं द्यायची, ज्याला जास्त मतं तो प्रश्न आधी, पाच-सात मिनिटं बोलायचं, मग पुढं चालू ठेवायचं का बदलायचं ते हात वर करून. सहा माणसं पुरतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

काल उचलीच्या स्टोरीसाठी बसलो. मी, एक डेव्हलपर आणि फोनवर मुनीमजी. पिवळं एक, निळी तीन, हिरवी सात आणि लाल पाच. लालमधलं एक सांगतो, उचल घेतली बापानं आणि माल आला मुलाच्या नावावर, तर कापायची का नाही? मुनीमजी म्हणले 'घरावर अवलंबून'. डेव्हलपरनं स्वतःच म्हणलं की ही स्टोरी या स्प्रिंटला नको, आधी चार दुकानांना विचारू. लीड बाजूला उभा राहून ऐकत होता, त्यानं पुढच्या स्टोरीला पण बसा म्हणून सांगितलं. फ्लोटचं बघितलं, दोन ठिकाणी आहे, कार्ड टाकलंय. शीटमध्ये ओळी भरायला सुरुवात केलीय. दोन मोबाईलवालं सेशन शनिवारी करतो अन् काय निघालं ते इथं लिहितो.

लीन कॉफीचं मनावर घेतलंय. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, नांदेड, लातूर, धाराशिव, हिंगोली, जिथं कुठं टेस्टिंग करत असाल, मॅन्युअल असो का ऑटोमेशन, कॉलेजात शिकत असाल तरी चालेल, या धाग्यावर गाव अन् कुठला रविवार जमतो तेवढं लिहा. संभाजीनगरला जागेचं मी बघतो. लातूर-नांदेडहून येणाऱ्यांना संध्याकाळी परत निघता यावं म्हणून सकाळी अकराला सुरू करू. माझी चिठ्ठी आत्ताच सांगून ठेवतो: ग्राहक फोनवर यायला तयार नसेल तर हिरवी कार्डं आणायची कुठून?