'बोलविता धनी वेगळाच' : चांगल्या अर्थानं वापरता येतं का?

आजोळवेडी
मावशी ३४ वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. पुढच्या महिन्यात तिची पंचाहत्तरी आहे, म्हणून घरगुती पुस्तिका छापतोय. तिनं स्वतः लिहून दिलेल्या पानाचा शेवट असा आहे : "बाळं मी हातात घेतली खरी, पण बोलविता धनी वेगळाच होता." मला तर वाचताना भरून आलं. पण मामेभाऊ म्हणतो हे वाक्य काढ, पेपरात पुढाऱ्यांबद्दल येतं ना तसं वाटतं, म्हणजे मागून कुणीतरी सूत्रं हलवतोय आणि ही नुसती पुढे केलेली. शिवाय इथे बोलणं कुठाय, करणं आहे, मग 'करविता धनी' लिहू का? शुक्रवारी छापायला द्यायचंय.

इंद्रायणीकाठ
ताई, अजिबात काढू नका. मूळ तुकोबांचं आहे, 'आपुलिया बळें नाहीं मी बोलत' या अभंगात. साळुंकी गोड बोलते पण 'शिकविता धणी वेगळाचि'. म्हणजे मूळ शब्द शिकविता आहे, बोलविता नाही. माझा अंदाज असा की त्याच अभंगात पुढे 'विश्वंभरें बोलविलें' येतं, आणि दुसऱ्या एका अभंगात 'मज विश्वंभर बोलवितो', हे सगळं लोकांच्या तोंडात एकत्र होऊन बोलविता धनी तयार झाला असणार. आणि हा नुसता विनय नाही बरं का. तू कोण कवित्व करणारा असं विचारणाऱ्यांना दिलेलं ते उत्तर आहे, ही वाणी माझ्या पदरची नाहीच, ज्याची आहे त्याला जाऊन विचारा. इतका मोठा शब्द आपण पुढाऱ्यांच्या भानगडींना वापरून पार घाण केला याचं मला खरंच वाईट वाटतं.

रोजची_मराठी
घाण वगैरे काही झालेलं नाही, अर्थ सरकला. आज शंभर जणांना विचारा, नव्वद जण 'पडद्यामागचा माणूस' हाच अर्थ सांगतील. पुस्तिका आजच्या लोकांनी वाचायची आहे ना? मामेभावाचं बरोबर आहे. सरळ 'मी निमित्तमात्र' लिहा, गीतेच्या अकराव्या अध्यायातलं आहे, कुणाचा गैरसमज होणार नाही.

इंद्रायणीकाठ
निमित्तमात्र आता निरोपसमारंभाच्या भाषणातला शब्द झालाय हो. आणि गीतेत तो कुठे येतो बघा, हे सगळे मी आधीच मारलेत, तू नुसता निमित्त हो. रणांगणावरचं वाक्य आहे ते. बाळंतिणीच्या खोलीत कसं न्यायचं?

ओवी_रोज_एक
मला वाटतं मुळात 'बोलविता ध्वनी' असणार, आतला आवाज या अर्थी, आणि ध्वनीचा धनी झाला. आमची आजी असंच म्हणायची.

इंद्रायणीकाठ
आजीचा मान राखून सांगतो, नाही. धनी म्हणजे मालक, संस्कृत धनिन् वरून. घरधनी म्हणतो तोच. गाथेत 'धणी' छापलेलं असतं म्हणून गोंधळ होतो, कारण जुन्या मराठीत धणी म्हणजे तृप्तीसुद्धा, 'धणीवरी' म्हणजे पोटभर.

कुडाळचो
ज्ञानोबांनी हीच गोष्ट बाहुलीवरून सांगितली आहे, अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे. साईखड्याचं बाहुलं जसं सूत्र ओढेल तसं चालतं, तसा माझा स्वामी मला पुढे दाखवून स्वतः बोलतो. आमच्या पिंगुळीला ठाकर लोक अजून कळसूत्री बाहुल्या नाचवतात. लहानपणी मी पुढे न बसता बाजूला जाऊन बसायचो, तिथनं दोऱ्या आणि बोटं दिसायची. लाकडाची बाहुली, पण मान किंचित तिरकी झाली की जिवंत वाटायची, आणि गाणं मात्र मागच्या माणसाच्या गळ्यातनं. तेव्हा 'सूत्रं हलवणं' हे काही वाईट नव्हतं हो.

वसईवाला
आमच्याकडे बायबलात पौलाचं वाक्य आहे, गलतीकरांस पत्रात, मी जगतो असे नाही तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. 'माझ्या ठायी' किती सुंदर आहे बघा. बाहुलीची दोरी बाहेरून असते, इथे जो चालवतो तो आतच राहायला आलाय. मावशींच्या वाक्यात मला हेच ऐकू येतं.

मुळाक्षर
कुराणातही बद्रच्या लढाईबद्दल आहे, तू फेकलंस तेव्हा तू फेकलं नाहीस, अल्लाहनं फेकलं. एकाच वाक्यात फेकलंस पण आणि नाही पण. उलट सॉक्रेटिसचा आतला आवाज कधीच काही कर म्हणायचा नाही, फक्त अडवायचा, म्हणजे केलं त्याची जबाबदारी त्याचीच राहायची. मला तेच जास्त पटतं. करविता तोच म्हटलं की वाईट कामाचं काय? वॉर्डात एखादं बाळ गेलं तर तोही धनीच का?

रोजची_मराठी
हा प्रश्न बरोबर आहे. मराठीनं त्याचं उत्तर आपल्यापुरतं देऊन ठेवलंय. 'माझ्या हातून चूक झाली' आणि 'त्यानं माझ्या हातून करून घेतलं', हात दोन्हीकडे तोच. पण चुकीच्या वाक्यात 'त्यानं' कुणी घालत नाही.

आजोळवेडी
मुळाक्षर, तुमचा प्रश्न मी मावशीला फोनवर विचारला. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, गेलेली बाळं माझी, रडलेली त्याची. एकदा रात्री लाईट गेले होते, टॉर्च दातात धरून तिनं बाळाची पाठ टॉवेलनं चोळली, चोळतच राहिली, किती वेळ ते तिला सांगता येत नाही, हात आपोआप चालले होते म्हणते, आणि बाळ रडलं. वाक्य त्या रात्रीबद्दल आहे, हे मला आत्ता कळलं. मग करविता लिहू की बोलविताच ठेवू?

इंद्रायणीकाठ
बोलविताच. बाळाला रडवलं ना त्यानं, ते बोलणंच की.

रोजची_मराठी
मग 'रडविता धनी' म्हणा. बोलविता ठेवलंत तर मामेभावाची अडचण तशीच राहते.

कुडाळचो
आमच्याकडे देवाचं वारं अंगात येतं त्याला अवसर म्हणतात. अवसर बोलला म्हणतात, माणूस बोलला म्हणत नाहीत. घाटावर याला काय शब्द आहे?

ओवी_रोज_एक
आमच्याकडे नुसतं 'अंगात आलं' म्हणतात. पण अवसर म्हणजे तर वेळ, संधी ना? तो देवाकडे कसा गेला?