सगळेच खांब जाड कशाला?
तारेच्या कुंपणाचे खांब वाकतात म्हणून सगळेच अँगल (एल आकाराचे लोखंडी खांब) जाड घ्या, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. मधल्या खांबाला तार दोन्हीकडून सारखीच ओढते, त्यामुळे तो तगतो. खरा मार कोपऱ्याच्या खांबाला. दोन्ही तारा त्याला आतल्या बाजूला खेचतात. तिथे गोल पाइप घ्या, तो सगळ्या दिशांना सारखाच ताठ असतो. शिवाय दोन्ही तारांच्या रेषेत तिरके टेकू हवेतच.

आणि गंज! तो नेमका जमिनीलगतच्या चार बोटांत धरतो, वाकण्याचा जोरही तिथेच जास्त. म्हणून काँक्रीट जमिनीच्या थोडं वर आणून माथ्याला उतार द्या, पाणी खांबाशी साचता कामा नये. वेल्डिंगने खांबावरचा गंजरोधक जस्ताचा थर जळतो, तिथे झिंक पेंट (जस्ताचा रंग) मारा.