मदत हवी आहे : ‘काळजी’ आली कुठून?

सांगलीत आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी ‘काळजी’ या शब्दावर चौकट लिहितोय. ‘चिंता’ संस्कृत ‘चिन्त्’ धातूतली, ‘फिकीर’ अरबी ‘फिक्र’वरून फारसीमार्गे आलेली, गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी विचार करणंच. गाडी अडलीय ‘काळजी’पाशी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती चाळली, त्यामुळे ‘काळजी लागली’ आणि ‘काळजी घे’ यांतला फरक नका सांगू. ‘काळीज’वरून आला असं बरेच जण म्हणतात. पटतंही, पण नुसतं उच्चारसाम्य छापायला मन धजत नाही. त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या जतकडची कन्नड बोलणारी मंडळीही ‘काळजी’च म्हणतात, आस्था या अर्थानं. मग शब्द इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला? संतसाहित्यात किंवा बखरींत हा शब्द कुणाला सापडलाय का, मूळ ओळीसकट?