लव असलेली कपाशी लावली तर तुडतुडे खरंच कमी येतात का?

वाकडचा_जालनेकर:
नोकरी पुण्यात, शेती जालन्याकडं, दादा बघतो. दरवर्षी बीटीच (झाडातच अळीसाठी विष तयार होतं ती कपाशी) लावतो तरी तुडतुड्यासाठी, म्हणजे पानातला रस शोषणाऱ्या किडीसाठी, फवारे मारावेच लागतात आणि शेवटी बोंड फोडलं की आत गुलाबी अळी हाय म्हणून हजर. दुकानदार म्हणतो यंदा पानावर लव असलेलं वाण न्या, तुडतुडा येत नाही. खरंय का नुसतं पाकीट खपवायचं? आणि झाडातच विष आहे तर अळी मरत का नाही?

शिवाजीनगर_अ‍ॅग्री:
भाऊ लवेचं खरंय. तुडतुडा पानाच्या शिरेत अंडी घालतो, लव दाट नि लांब असली की त्याला तिथं नीट पोचताच येत नाही. पान उजेडाला धरून खालची बाजू बघ, शिरांवर लव दिसली पाहिजे. पण दुकानदारानं पुढचं सांगितलं नसणार, तीच लव पांढऱ्या माशीला मानवते 😅 भेंडीसारख्या चिरलेल्या पानाची वाणं त्या बाबतीत बरी, हवा खेळते आणि फवारा आत पोचतो. आणि बीटीचं प्रोटीन फक्त अळीच्या पोटात काम करतं, रस शोषणाऱ्या किडीला त्याचं काही नाही.

सरकीतज्ज्ञ_निवृत्त:
अळीचं मी सांगतो, आयुष्य बियाण्यातच गेलं. 2002 ला आलं त्या बीटीत एक जीन होता, 2006 ला बीजी-2 म्हणून बीटीचीच पुढची आवृत्ती आली त्यात दोन. पण आपल्याकडं लावतात हायब्रीड, आणि बहुतेक हायब्रीडमध्ये जीन एकाच पालकाकडून येतो, म्हणजे शेतातल्या झाडाच्या बोंडात जी सरकी धरते ती सारखी नसते. एका जीनचं असेल तर चारातली एक सरकी बिनविषाची, दोन जीनचं असेल तर सोळातली एक, आणि बाकीच्यांतही काहींत एकच जीन. गुलाबी अळी खाते ती नेमकी सरकीच. असा अर्धामुर्धा डोस पिढ्यान् पिढ्या मिळाल्यावर ती सरावणारच, गुजरातेत 2010 च्या सुमारास पहिल्या जीनला ती दाद देईना आणि 2017 ला आपल्याकडं दोन जीनच्या कपाशीचंही तिनं किती नुकसान केलं ते तुम्हाला माहितीच आहे. त्यात अळी विषाला सरावू नये म्हणून कडेनं लावायला 120 ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट सोबत द्यायचे ते कोण लावत होतं हो?

वाकडचा_जालनेकर:
आमच्याकडं तर नाहीच. मग देशी कापसातून गुण का घेत नाहीत, ती तर तुडतुड्याला काटक म्हणतात?

शिवाजीनगर_अ‍ॅग्री:
काटक आहेच पण देशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये, म्हणजे आपण लावतो त्या बीटी कपाशीत, 52. क्रॉस झालाच तर रोप वांझ निघतं, मग कोल्चिसिन देऊन गुणसूत्रं दुप्पट करा, परत परत अमेरिकनशी क्रॉस करा, तोवर धाग्याची लांबी जाते नाहीतर नको ते गुण सोबत येतात. होतं, पण वर्षं जातात.

सरकीतज्ज्ञ_निवृत्त:
तोवर लवकर येणारं वाण घ्या, डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा आणि डिसेंबरात पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं करा.

वाकडचा_जालनेकर:
बाकी सगळं ऐकेल, फरदड (डिसेंबरनंतरही तीच कपाशी ठेवून घेतलेलं पीक) सोडायला दादा काही तयार होणार नाही. बघतो बोलून.