मदत हवी आहे: शटरची मोटार खाली आणते, वर नेत नाही (ट्रॅक्टर आत अडकला)

ओलीतवाला, रात्री ८.१२
शेडच्या शटरला मोटार बसवली आहे. रिमोटनं खाली बरोबर येते. वर घ्यायला गेलं की नुसती घूंऽऽ करते, थोडं उचलते आणि बसते. ट्रॉलीत कापूस भरून आत उभा आहे, सकाळी सहाला हिंगणघाटसाठी निघायचं आहे. रिमोटचा सेल बदलून झाला. बसवणारा फोन उचलत नाही. लवकर सांगा कोणी.

गावाकडे_परत, ८.१९
मोटार कोणती? नळीत बसणारी की बाजूला डबा असलेली? शटर किती फुटाचं? भिंतीवरच्या बटणानं वर जाते का? एवढं तरी सांगा, आम्ही इथून कसं ओळखणार?

सेन्सरभाऊ, ८.२१
सेन्सर पुसा. खाली दोन्ही बाजूंना काळे डोळे असतात, त्यावर धूळ, कोळ्याचं जाळं बसतं. आमच्या नागपूरच्या घरी गॅरेजचं दार असंच मध्येच थांबायचं. फडक्यानं पुसलं, दोन मिनिटांत काम झालं. उगाच मेकॅनिकला पैसे देऊ नका.

ओलीतवाला, ८.२४
बाजूला डबा आहे. शटर १२ बाय १० असेल. सेन्सर कुठं दिसत नाही. बटणानंही तेच.

गावाकडे_परत, ८.२६
बटणानंही तेच म्हणजे रिमोट सुटला. सेल बदलायची गरजच नव्हती. थांबते ती रोज एकाच उंचीवर की कुठेही?

सेन्सरभाऊ, ८.२७
नीट पाहा, सेन्सर असेलच. बिना सेन्सरची मोटार कोण लावते आजकाल?

कळंबचा_मिस्त्री, ८.३१
सेन्सर असला तरी त्याचा इथं काय संबंध भाऊ? तो शटर खाली येताना कोणी मधात आलं तर थांबवते. वर जातानी त्याचं काहीच काम नाही. यांचं तर खाली बरोबर येऊन राहिलं. ओलीतवाला भाऊ, मले हे सांगा, हे दिवसभर होते का फक्त दिवेलागणीनंतर?

ओलीतवाला, ८.३४
कधी गुडघ्यापर्यंत येते, कधी कमरेपर्यंत. हो, संध्याकाळीच होते. सकाळी तर जात होती. आठ दिवसांपासून चालू आहे, आज पारच बसली.

पऱ्हाटी, ८.३६
कापूस रात्रभर ट्रॉलीतच राहणार असेल तर ताडपत्री नीट बांधा. दव पडून राहिलं. सीसीआयचं (भारतीय कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र असेल तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर घेत नाहीत, ८ ते १२ मध्ये पाहिजे. मागच्या वर्षी माझी एक गाडी परत आली, भाडं अंगावर बसलं.

कळंबचा_मिस्त्री, ८.४०
आठ दिवसांपासून! हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं ना बाप्पा. घर गावात आहे का शेतात?

ओलीतवाला, ८.४२
शेतात. समुद्रपूर तालुका. पण त्याचा शटरशी काय संबंध?

कळंबचा_मिस्त्री, ८.५१
संबंध आहे. हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं ना सगळीकडं. तुमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) पाच-पन्नास पाण्याच्या मोटारी. त्यातले निम्मे लोक कंडेन्सर लावून दोन फेजवर चालवतात. व्होल्टेज किती राहात असेल?
आता हे समजून घ्या. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. २३० च्या जागी १६५ मिळाले तर तुम्हाला वाटेल पाऊण तरी जोर असेल. नाही. निम्माच उरते. त्यात तुमच्या मोटारीला सुरू होतानी जोर देणारा कंडेन्सर थकला असेल तर वर नेता येत नाही, नुसती घुमते. खाली येताना शटरचं वजनच मदतीला असते, म्हणून ते बरोबर चालते. लोक तिथंच फसतात, म्हणतात मोटार चांगली आहे, बटण खराब आहे.
आणि घडीघडी बटण दाबू नका. आत तापली की कट होणारं असते, थंड व्हायला अर्धा तास लागते. तुम्ही आज किती वेळा दाबलं?

ओलीतवाला, ८.५३
वीसेक वेळा.

टेबलपंखा, ८.५५
कंडेन्सर का? मग पंख्याचा काढून लावा ना. माझ्याकडं पडलेले असतात दोन-चार.

कळंबचा_मिस्त्री, ८.५८
पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा असते. त्यानं पंखा फिरते, १२ फुटाचं शटर नाही उचलत. तुमच्या कंडेन्सरवर जो आकडा छापला आहे तोच आणा, व्होल्टही तेवढेच. आणि हात लावायच्या आधी मेन बंद करा, मग दोन टोकांना मिळून एक बल्ब लावा. मेन बंद असली तरी चार्ज राहते, असा झटका बसते की शिडीवरून खाली.

शुद्धलेखनप्रेमी, ९.०२
कंडेन्सर हा जुना शब्द आहे. कपॅसिटर किंवा धारित्र म्हणावे.

कळंबचा_मिस्त्री, ९.०३
सकाळी हिंगणघाटच्या दुकानात जाऊन धारित्र मागून पाहा.

स्टॅबिलायझर_घ्या, ९.०६
एवढं रामायण कशाला? स्टॅबिलायझर लावा. माझ्या फ्रिजला आहे, दहा वर्षांत काही झालं नाही.

गावाकडे_परत, ९.०९
फ्रिजचा कशाला चालेल? सुरू होतानी मोटार कितीतरी पट करंट ओढते, त्याच्या पोटात मावणार नाही. मी तर म्हणतो २४ व्होल्टची बॅटरीवाली मोटार घ्या. लाईन असो-नसो, शटर उघडते. मी घेतली, मोकळा झालो.

पऱ्हाटी, ९.११
आधी बिनमोटारीचंच बरं होतं. दोन माणसं लागायची, पण उघडायचं तरी.

ओलीतवाला, ९.१३
नवीन मोटार घ्यायला आता रात्री कोण देणार? मला सकाळी सहाला निघायचं आहे! खाली जॅक लावून उचलू का? थोडी फट आहेच.

कळंबचा_मिस्त्री, ९.१४
नाही! जॅक लावू नका, फटीतून कोणी घुसूही नका. साइडच्या मोटारीले हातानं फिरवायची साखळी असते. ती कुठं आहे?

ओलीतवाला, ९.१६
होती. पोरं लोंबकळायची म्हणून काढून ठेवली. शेडमध्येच कुठं तरी आहे.

गावाकडे_परत, ९.१७
म्हणजे शटर उघडायची साखळी शटरच्या आत. वा.

ओलीतवाला, ९.२०
आत जायला मागून छोटं दार आहे.

गावाकडे_परत, ९.२०
!!!

कळंबचा_मिस्त्री, ९.२५
मग आतापर्यंत काय करून राहिले होते? मागून आत जा, साखळी शोधा, मेन बंद करा, चाकावर चढवा आणि फिरवा. एकानं साखळी ओढायची, दुसऱ्यानं टॉर्च धरायचा. पुरं वर गेलं की कडीला साखळी बांधून टाका. मोटारीच्या बाजूला ब्रेक सोडायची दांडी असेल, ती ओढू नका. ओढली तर अख्खं शटर धाडकन खाली येईल. वरच्या नळीतल्या स्प्रिंगलाही हात नको. ते माहितीवाल्याचं काम.

सेन्सरभाऊ, ९.२९
मी अजूनही म्हणतो, एकदा सेन्सर बघून घ्या.

ओलीतवाला, १०.४०
उघडलं. साखळी खताच्या पोत्यांमागं होती. वीस मिनिटं लागली, खांदा भरून आला. ट्रॉली बाहेर काढली, ताडपत्री बांधली. मिस्त्री दादा, मनापासून आभार. पण मोटारीचं काय करायचं?

कळंबचा_मिस्त्री, १०.४८
उद्या संध्याकाळी सात वाजता मोजा. मीटरजवळ नाही, शटरच्या डब्यातच मोजा आणि मोटार उचलत असताना मोजा. नुसतं मोजाल तर २०० दाखवेल, जोर आला की खाली बसेल. मीटरपासून शेड किती दूर आहे? वायर कोणती टाकली?

ओलीतवाला, १०.५१
दोनशे फूट असेल. घर बांधताना उरलेली होती ती टाकली. बारीकच आहे.

कळंबचा_मिस्त्री, १०.५३
हेही आता सांगता. झोपा.

ओलीतवाला, दुसऱ्या दिवशी रात्री ९.३०
मोजलं. मीटरजवळ १८८, शेडमध्ये मोटार घुमत असताना १६१. कंडेन्सर येताना हिंगणघाटहून आणला, जुन्यावर २० लिहिलं होतं, नवाही तेवढाच. जुना एका बाजूनं फुगलेला निघाला आणि डब्यात गांधीलमाशीचं घर होतं, तेही काढलं. आता १६१ वरही वर जाते, पण रडतरडत. वायर बदलायची ठरवली आहे. चार स्क्वेअर एमएमची चालेल का?

कळंबचा_मिस्त्री, ९.४१
चालेल. तांब्याचीच घ्या, ॲल्युमिनियमची नको. आणि तोवर शटर संध्याकाळच्या आधीच वर करून ठेवत जा.

रिमोटवाला_नवीन, ९.४४
धाग्यात घुसतो, माफ करा. माझ्या रिमोटनं शेजारच्या काकाजींचं शटर उघडते. दोघांनी एकाच दुकानातून घेतलं. काय करावं?

गावाकडे_परत, ९.४७
तुमच्या दोघांचे कोड सारखे असतील. काकाजींच्या डब्यातल्या पट्टीवर शिकवायचं छोटं बटण असते, ते पाच-दहा सेकंद दाबून जुने रिमोट पुसा आणि फक्त त्यांचाच परत शिकवा. तरी तेच झालं तर कोड बदलणारा रिमोट घ्या. पण नवीन धागा काढा ना.

रिमोटवाला_नवीन, ९.४९
काकाजी म्हणतात त्यांना काही त्रास नाही.

पऱ्हाटी, ९.५२
ते सगळं असू द्या. ओलीतवाला भाऊ, कापसात ओलावा किती निघाला?

ओलीतवाला, ९.५५
११.